बोटभर जागा

१

गल्लीत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. तोंडावर 'बोटभर मिस्त्री' आणि पाठीमागे नुसतंच 'बोटभर'. कारण गाडी कुणाचीही असो, टायर आणि पत्रा यांच्या मधे स्वतःचं बोट घालून ते सगळीकडून मोकळं फिरल्याशिवाय हा बाबा गाडी गॅरेजबाहेर जाऊ द्यायचा नाही. गिऱ्हाईक घड्याळ दाखवो, चिडो, पाय आपटो. "बोटभर जागा नाही, गाडी मिळणार नाही," एवढं बोलून तो चाकं लावलेल्या फळीवर परत आडवा व्हायचा आणि गाडीखाली सरकायचा.

त्या सोमवारी सकाळी त्यानं भिंतीला टेकवून ठेवलेले दोन टायर पुढे ओढले. तीन महिने ते तिथेच उभे होते. धूळ पुसली तरी नव्या रबराचा वास अजून तसाच होता. चांगले वीतभराहून रुंद टायर, एकेक उचलताना कंबर बोलायला लागली.

गाडी दादाची होती, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची. दोन दारांची, लांब नाकाची, पेट्रोलची कुणाला फिकीर नव्हती त्या काळातली. आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की वरच्या मजल्यावरची भांडी वाजायची. वीस वर्षांपूर्वी दादानं ती भंगारातून आणली, दोघा भावांनी खिळा न् खिळा जोडून उभी केली, आणि तेव्हापासून दादाचं एकच टुमणं होतं. मागचे टायर रुंद पाहिजेत. "मागून बघितली की गाडी पाय रोवून उभी दिसली पाहिजे रे. आत्ता कशी, बूट छोटे झालेल्या पोरासारखी दिसते."

टायर आले, आणि त्याच आठवड्यात दादाची डावी बाजू गेली. आता तो वरच्या खोलीत पलंगावर असायचा. बोलणं जवळजवळ बंद. डावा हात चादरीवर ठेवला की तिथेच राही. त्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं, तरुणपणी इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलेलं. दादा त्या हाताकडे बघायचासुद्धा नाही, जणू कुणी परका तो तिथे विसरून गेलाय.

दादाचा मुलगा त्याला न्यायला आला होता. दादा आणि वहिनी कायमचे त्याच्याकडे राहायला जाणार, आठ तासांवरच्या गावी. गाडीही जाणार.

"रविवारी सकाळी नऊला निघायचं, काका," पुतण्या म्हणाला. "बाबांना याच गाडीतून जायचंय. मागे, डावीकडे. सारखं बोटानं तेच दाखवतात. आणि टायर पण बसव म्हणतायत, बघ."

"बसवतो की," तो म्हणाला. लग्न त्यानं केलं नव्हतं. गॅरेजच्या मागच्या खोलीत झोपायचा, वर जेवायचा, आणि पन्नास वर्षांत दादापासून एक आठवडासुद्धा लांब राहिला नव्हता. रविवारनंतर काय, हा विचार त्यानं मनाशी आणलाच नाही. जॅक लावला आणि कामाला लागला.

२

माप घ्यायची दोघा भावांची एक रीत होती, आणि ती आधी सांगायला हवी.

रिकाम्या गाडीचं माप खोटं. माणसं बसली की गाडी मागे दबते, पत्रा टायरवर उतरतो, आणि बोटभर जागेची सुतभर होते. म्हणून दुसरे मिस्त्री मागे वाळूची पोती ठेवतात. दादाला ते पटायचं नाही. "गाडीत पोती बसत नाहीत, माणसं बसतात," म्हणायचा आणि स्वतः मागच्या सीटवर, डावीकडे, जाऊन बसायचा. धाकटा खाली फळीवर. बसलेल्यानं जरा कूस बदलली तरी माप चुकतं, म्हणून खालून धाकट्यानं सांगायचं, "दादा, बसून राहा. हलू नकोस." काम झालं की सांगायचं, "ऊठ."

तो 'ऊठ' आल्याशिवाय दादा उठायचा नाही. फोन वाजो, दारात गिऱ्हाईक येवो. एकदा वहिनींनी वरून तीन हाका मारल्या, जेवण गार होतंय म्हणून कावल्या, तरी हा ढिम्म. "खालच्यानं सांगितलं नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं.

तीन महिन्यांपूर्वी, दुपारी, दादाच्याच गाडीचं असं माप चाललं होतं. त्यानं खालून सांगितलं, "हलू नकोस," आणि दादा हलला नाही. वीस मिनिटं हलला नाही. इतकं स्वच्छ माप त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं. तो खुशीत येऊन म्हणालासुद्धा, "शाब्बास दादा, आज अगदी पुतळा झालास!"

मग वहिनी चहा घेऊन आल्या. काचेतून आत बघितलं आणि त्यांच्या हातातला कप खाली पडला.

अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुढे पूर्ण केलं नाही. त्या 'शाब्बास'बद्दल तो कुणापाशी बोलला नव्हता. रोज झोपताना मात्र ते एकदा ऐकू यायचं, स्वतःच्याच आवाजात.

३

सोमवारी दुपारपर्यंत दोन्ही टायर चढले. उजव्या बाजूला बोट घातलं, मोकळं फिरलं. डाव्या बाजूला घातलं, अडलं.

त्यानं गाडीमागे उभं राहून बघितलं. डावीकडून गाडी जराशी बसली होती. फूटपट्टी लावली. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावी बाजू उजवीपेक्षा बरोबर एक बोट खाली होती. आत कुणी नव्हतं, डिकी रिकामी होती. खालचे स्प्रिंगचे पाटे थकले असतील, तो स्वतःशी म्हणाला. वीस वर्षं एकाच बाजूला एकच माणूस बसलाय, दुसरं काय होणार.

तरी गाडी चालवून बघणं भाग होतं. त्याच्याकडे शाळेतली पोरं खेळतात तसली हिरवी माती होती, डबाभर. तिच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या करून त्यानं चाकाच्या खोबणीत आतून चिकटवल्या, कडेलाही चिकटवल्या. गाडी रस्त्यावर फिरवून आणायची आणि गोळ्या बघायच्या. टायर जिथे लागतो तिथे गोळी चपटी होते, आणि किती चपटी झाली त्यावरून किती पत्रा मारायचा ते कळतं.

पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं, मधे तीन गतिरोधक. पहिल्या गतिरोधकावरच मागून डावीकडे आवाज आला. रबर पत्र्याला घासलं की खर्रर असं कडक येतं, कानांना ओळखीचं. हा आवाज मऊ होता, ओलं फडकं घासल्यासारखा. त्याला तो आवडला नाही.

परत येऊन बघतो तो डाव्या कडेच्या गोळ्या सपाट. त्यानं नखानं खरवडून त्या डब्यात टाकल्या.

संध्याकाळी वर गेला तर वहिनी दादाचा डावा हात पुसत बसल्या होत्या. मागच्या बाजूला काळा पट्टा होता, साबणानंही निघत नव्हता.

"बघा हो भाऊजी, हे काय लागलंय? दिवसभर पलंगावरून हललेले नाहीत हे."

त्यानं हात नाकाजवळ नेला. नव्या रबराचा वास आला.

"माझ्याच हातांचं लागलं असेल," तो म्हणाला. "सकाळी मी त्याला उशी दिली होती ना." हे खरंही होतं. तेवढ्यावर त्यानं मनाची समजूत काढली आणि जेवायला बसला.

४

मंगळवारी त्यानं पाटे अदलाबदल केले, डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. एवढं काम म्हणजे दिवसभर घाम. डावी बाजू तशीच एक बोट खाली. टायर बदलून बघितले, तेच. फरशी तिरपी असेल म्हणून गाडी उलट तोंडानं उभी केली, तरी डावीच खाली. पाणसळ लावली, फरशी सरळ होती. आता रुसायचं कुणावर?

गोळ्या लावल्या, टाकीपर्यंत गेला, आला. सपाट.

बुधवारी त्यानं मडगार्डची आतली कड ठोकून पूर्ण दुमडली. तसं केलं की जवळजवळ बोटभर जागा वाढते. बोट घातलं, फिरलं! जीव भांड्यात पडला. गोळ्या लावून टाकीपर्यंत गेला. तिसऱ्या गतिरोधकावर तो मऊ आवाज आला, कालच्यापेक्षा लांबलेला. घरी येऊन बघितलं तर गोळ्या सपाट, आणि बोट परत आत जाईना.

एव्हाना त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. त्यानं दार उघडून मागची सीट बघितली. डावीकडे गादीला खळगा होता. जुना स्पंज, खळगा असणारच. त्यानं खळग्यात तळवा दाबून वर उचलला. सगळीकडचा स्पंज वर आला, तेवढा खळगा आला नाही. तळव्याला ऊब लागल्यासारखं वाटलं. ऊन आलं असेल काचेतून. पण त्या बाजूला भिंत होती.

त्यानं दार लावलं, हळूच, आतलं कुणी जागं होऊ नये असं लावतात तसं. मग स्वतःचाच राग येऊन त्यानं ते उघडून परत धाडकन आपटलं.

"रविवारी नाही जमणार," रात्री ताटावर तो म्हणाला. "डावीकडे घासतंय. अजून आठवडा द्या."

पुतण्यानं आईकडे बघितलं. वहिनींनी चमचा ठेवला.

"भाऊजी, एक बोलू? राग मानू नका. मागच्या वेळी मला माहेरी जायचं होतं तेव्हा तुम्ही गाडीचा ब्रेक मऊ आहे म्हणालात, दहा दिवस. मुलाच्या नोकरीच्या वेळी क्लच धरत नाही म्हणालात. आम्ही जायलाच नको आहोत तुम्हाला."

त्यानं ताट उचललं आणि मोरीवर नेऊन ठेवलं. ब्रेक तेव्हा मऊ नव्हता आणि क्लच चांगला धरत होता.

५

आता पंचाईत अशी की त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. माणसाला जे नको असतं ते त्याचे हात बरोबर होऊ देत नाहीत. आपणच बोट तिरपं घालतोय का? फूटपट्टी आपणच खाली दाबतोय का? गुरुवारी त्यानं पुतण्याला खाली बोलावलं आणि त्याच्याकडून माप घेववलं.

"एक बोट खाली आहे, काका," पुतण्या म्हणाला. "जुनी गाडी आहे रे. एवढं तेवढं चालायचंच."

म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. ते कळून त्याला बरं मात्र वाटलं नाही.

त्या दिवशी त्यानं जड हातोडा काढला आणि खोबणीची आतली भिंत, सीटच्या बाजूची, ठोकून आत सरकवली. दोन बोटं जागा झाली असेल. ठोकताना प्रत्येक घावाला गाडी जराशी हलत होती. गाडी हलतेच ठोकताना. पण घाव थांबल्यावरही ती एकदा हलली, अंग चोरून घेतल्यासारखी. तो हातोडा धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. शेजारच्या दुकानातला रेडिओ चालू होता, बाहेरून सायकली जात होत्या, लख्ख उजेड होता, आणि त्याच्या अंगावर काटा आला होता.

गोळ्या लावून टाकीपर्यंत जाऊन आला. वाटेत सगळा वेळ मागून तो ओला मऊ आवाज येत होता. आरशात बघायचं त्यानं टाळलं.

गॅरेजात गाडी घातली तोच वरून वहिनींची हाक आली.

दादाच्या डाव्या हाताची मागची कातडी सोलवटली होती. चारही सांध्यांवर लाल मांस दिसत होतं, कडेनं काळी घाण. वहिनी रडत होत्या. "आत्ता अर्ध्या तासात झालं हो. मी इथेच भाजी निवडत होते. काही घासलं नाही, काही नाही. हात तसाच होता चादरीवर!"

पुतण्या औषध आणायला धावला. मिस्त्री दादाच्या पलंगाशी बसला. सोमवारचा काळा पट्टा आठवला. सोमवारी तो टाकीपर्यंत गेला होता. मंगळवारी, बुधवारी, आजही. त्यानं दादाचा चांगला, उजवा हात हातात घेतला.

"दादा, झोपलायस का रे?"

दादा उताणा झोपलेला होता, उशीवर, छताकडे बघत. ओठ हलले. तीन महिन्यांत पहिल्यांदा शब्द स्पष्ट आला.

"बसलोय."

६

शुक्रवारी त्यानं गाडी सुरू केली नाही. मातीचा डबा घेऊन तो दारात उजेडात बसला आणि गुरुवारची गोळी हातात घेऊन प्रथमच नीट बघितली. इतके दिवस त्यानं फक्त चपटी झाली का, एवढंच पाहिलं होतं.

टायरनं दाबलेल्या मातीवर टायरची नक्षी उमटते, जाड रेघा. या मातीवर तसलं काही नव्हतं. बारीक रेघा होत्या, गोल गोल, एकात एक. त्यानं आपला अंगठा दुसऱ्या एका गोळीवर दाबून बघितला. तशाच रेघा उमटल्या.

मग त्यानं गाडीखाली सरकून मडगार्डच्या कडेवर आतून मातीची एक लांब पट्टी थापली आणि बाहेर आला. गाडीला हात लावला नाही. मोरीवर जाऊन हात धुतले, चहा केला, उभ्या उभ्या प्यायला, परत येऊन खाली सरकला.

पट्टीवर चार खळगे होते. कड आतून घट्ट धरल्यावर उमटतील तसे. तिसरा खळगा अर्धाच होता.

तो तिथेच पडून राहिला, श्वास दाबून. टायर आणि पत्रा यांच्या मधल्या अंधारात त्याला काही दिसलं नाही, आणि त्यानं फार वाकून बघितलंही नाही. हळूहळू टाचांनी रेटा देत फळी बाहेर आणली.

७

शनिवारी त्यानं शेवटचा प्रयत्न केला. "दुसरी गाडी सांगा. मोठी, आरामाची. दादाला झोपून जाता येईल."

"पुरे झालं भाऊजी!" वहिनी कधी नव्हे त्या ओरडल्या. "यांनी आयुष्यात स्वतःसाठी एवढीच एक गोष्ट मागितलीय. त्या गाडीत बसून जायचंय त्यांना. आणि तुम्ही... तुम्ही तेवढंही..." पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

काय सांगणार होता तो? की गाडी टाकीपर्यंत गेली तर हात एवढा सोलवटतो, मग आठ तासांच्या रस्त्यावर दादाचं काय उरेल? वेड्यात काढलं असतं. आणि गाडी नेली नाही तरी काय? दादाला तिकडे नेतील, आणि इथे रिकाम्या गॅरेजात...

तो विचार त्याला पुढे नेता येईना. दादापाशी जाऊन बसला. हाताला जाड पट्टी बांधलेली होती.

"दादा," तो कानाशी म्हणाला. "कुठे बसलायस?"

दादानं उजवं बोट खाली केलं. फरशीकडे. फरशीखाली गॅरेज होतं.

"मग ऊठ ना रे."

दादानं मान हलवली, नाही. डोळ्यांत तीच जुनी, हट्टी, जराशी मिश्कील चमक होती. एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला, "खालच्यानं... सांगितलं नाही."

ते ऐकलं आणि ती दुपार सगळीच्या सगळी डोळ्यांपुढे आली. हलू नकोस म्हणालो. शाब्बास म्हणालो. मग कप पडला, आपण धडपडत बाहेर आलो, चौघांनी मिळून दादाला उचलून नेलं. 'ऊठ' म्हणायचं राहून गेलं. दादा बसला की गाडी दोन बोटं दबायची. आता ती एक बोट दबलेली होती. अर्धी. त्यांनी अर्धा दादा उचलून वर आणला होता, आणि सांगितल्याशिवाय न उठणारा अर्धा तिथेच बसून होता, तीन महिने, एकटा. आणि हा शहाणा रोज त्याच्या हातावरून चाक फिरवत होता.

"ऊठ, दादा. झालं माप. ऊठ," तो रडत म्हणाला.

दादानं परत मान हलवली. बोट परत खाली केलं. इथून सांगून चालणार नव्हतं, खालून सांगायला हवं होतं.

तो जिन्यापर्यंत गेला आणि थांबला. सांगितल्यावर काय होईल? एक तर खालचा अर्धा वर येईल आणि दादा हातापायानिशी उभा राहील. नाही तर वरचा अर्धाही निघून जाईल. न सांगितलं तर निदान उद्या नऊपर्यंत दादा आहे, अर्धा का होईना, उजवा हात ऊबदार असलेला. तो पायरीवर बसला तो अंधार पडेपर्यंत उठलाच नाही. त्या दिवशी तो गॅरेजात उतरला नाही, आणि डोळ्याला डोळाही लागला नाही.

८

रविवारी साडेआठला डिकी भरून झाली. पुतण्यानं किल्ली त्याच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात घातली. "बाबांना खुर्चीत बसवून खाली आणतो आम्ही, काका. शेजारच्या शिंप्याला बोलावलंय धरायला. तू दार उघडून ठेव." आणि तो वर गेला.

गॅरेजचं मोठं दार उघडं होतं. ऊन आत फरशीवर आलं होतं. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज, वहिनींचा "सांभाळून हो," एवढं ऐकू येत होतं. अजून पाच मिनिटं. त्यानं डावं दार उघडून पुढची सीट वाकवून ठेवली, फळी ओढली, तिच्यावर आडवा झाला आणि गाडीखाली गेला.

आज त्यानं बघायचं टाळलं नाही. बाहेरच्या उन्हाची एक तिरीप टायरवरून आत शिरली होती. तिच्यात मडगार्डची दुमडलेली कड चमकत होती, आणि कडेवर आतून चार बोटं होती. सांधे सोललेले. तिसरं बोट अर्धं. पकड इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. किती दिवस धरून होता बिचारा, चाक अंगावर येत असताना, हलायचं नाही म्हणून.

भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

"दादा," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून परत म्हणाला. "दादा. माप झालं रे. ऊठ."

क्षणभर काहीच नाही. मग बोटं सुटली. एकेक, सावकाश, आखडलेल्या हाताची सुटतात तशी. अर्धं बोट सगळ्यात शेवटी. पाटे कुरकुरले आणि गाडी वर आली.

सवयीनं त्यानं बोट मधे घातलं. टायरच्या वर, पत्र्याच्या खाली, ते मोकळं फिरलं. बोटभर जागा. चोख.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

खुर्ची उचलून आणणाऱ्यांची नव्हेत. एकाच माणसाची, अनवाणी, टप टप, दोन्ही पायांची सारखी. ही पावलं त्यानं पन्नास वर्षं ऐकली होती. उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरायची सवयसुद्धा तीच. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. हसू यायला लागलं. उठला! दोन्ही पायांवर उठला माझा दादा!

गाडीखालून त्याला फरशी दिसत होती, आणि फरशीवरून चालत आलेले दोन पाय. डावा उजव्याइतकाच भक्कम टेकत होता. पाय उघड्या दाराशी आले, किंचित थबकले. मग एक उचलला गेला, मग दुसरा. गाडीचं दार लागलं, हळूच.

दादा त्याच्या जागेवर बसला होता. आता गाडी दोन बोटं दबणार. याचं बोट अजून टायर आणि पत्र्याच्या मधेच होतं. चिमटेल, काढून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं ते काढलं नाही. तसाच पडून वाट बघत राहिला.

पत्रा खाली आला नाही. पाट्यांनी आवाज केला नाही. बोट होतं तसंच राहिलं, सगळीकडून मोकळं.

आणि मग वरच्या खोलीत वहिनींनी हंबरडा फोडला.